रहिवासी मालकीची वसाहत (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कारखान्यात तयार झालेल्या घरांच्या ज्या वसाहतीची जमीन, रस्ते, पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची व्यवस्था तेथेच राहणाऱ्या कुटुंबांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची असते, त्या वसाहतीस रहिवासी मालकीची वसाहत म्हणतात. अशा वसाहतींतील कुटुंबे आपापल्या घरांची मालक पूर्वीपासूनच असतात; घराखालची जमीन मात्र जमीनमालकाची असून तिचे भाडे दरमहा द्यावे लागते. जमीनमालकाने वसाहत विकावयास काढली असता रहिवाशांनी एकत्र येऊन, संस्था नोंदवून व कर्ज उभारून ती विकत घ्यावी, असा या व्यवस्थेचा गाभा आहे. इ.स. १९८४ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यात १३ कुटुंबांनी केलेल्या खरेदीपासून या चळवळीचा आधुनिक टप्पा सुरू झाला, असे मानले जाते. आज एकट्या न्यू हॅम्पशायरमध्ये अशा १४० हून अधिक वसाहती आहेत आणि देशाच्या अन्य अनेक राज्यांतही हा प्रकार रुजला आहे.

पार्श्वभूमी

कारखानानिर्मित घर

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली. त्या काळात मोटारीमागे जोडून नेता येणारी, चाकांवरची घरे पुष्कळ कुटुंबांनी कायमच्या वास्तव्यासाठी स्वीकारली. ही घरे पुढे रुंद व सोयीची होत गेली, परंतु त्यांचे 'मोबाईल होम' हे नाव टिकून राहिले. १९७४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने या घरांच्या बांधणीविषयी व सुरक्षिततेविषयी कायदा केला आणि त्यानुसार १५ जून १९७६ पासून गृहनिर्माण व नगरविकास खात्याची राष्ट्रीय मानके लागू झाली. या मानकांनुसार तयार झालेल्या घरास कारखानानिर्मित घर म्हणतात. ते पोलादी सांगाड्यावर कारखान्यातच पूर्ण होते, ट्रकने जागेवर नेले जाते आणि तेथे वीज, पाणी व सांडपाण्याच्या नळांना जोडले जाते.

अमेरिकेत सुमारे दोन कोटी लोक अशा घरांत राहतात. जागेवर बांधलेल्या घराच्या तुलनेत त्यांचा दर चौरस फुटामागील खर्च बराच कमी असल्यामुळे अल्प उत्पन्नाची कुटुंबे, निवृत्त माणसे व स्थलांतरित कामगार यांच्यासाठी सरकारी साहाय्याविना मिळणाऱ्या स्वस्त घरांचा हा एक मोठा स्रोत ठरला आहे. यांतील काही घरे मालकांच्या स्वतःच्या जमिनीवर उभी असतात. उरलेली घरे ज्या वसाहतींत असतात, त्यांना बोलीभाषेत 'मोबाईल होम पार्क' म्हणतात.

घर एकाचे, जमीन दुसऱ्याची

वसाहतीत राहणारे कुटुंब एकाच वेळी मालक व भाडेकरू अशा दुहेरी स्थितीत असते. घराची दुरुस्ती, विमा व कर्जफेड या जबाबदाऱ्या त्याच्याकडे असतात. जमिनीवरील त्याचा हक्क मात्र अनेक ठिकाणी महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाडेकरारापुरताच असतो. बहुसंख्य राज्यांत अशा घराची नोंद प्रारंभी मोटारीप्रमाणे जंगम मालमत्ता म्हणून होते. त्यामुळे घर घेण्यासाठी नेहमीचे गहाणकर्ज सहसा मिळत नाही. जंगम मालमत्तेवरील कर्ज अधिक व्याजदराने व कमी मुदतीसाठी घ्यावे लागते.

कायद्याने जंगम ठरलेले हे घर प्रत्यक्षात हलवणे अवघड असते. घर सुटे करणे, वाहून नेणे व नव्या जागी पुन्हा बसवणे यांचा खर्च काही हजार डॉलरपासून दहा हजार डॉलरच्याही पुढे जातो. जुन्या घरांचा सांगाडा प्रवास सोसण्याजोगा उरलेला नसतो आणि अनेक वसाहती जुनी घरे स्वीकारत नाहीत. शिवाय नगरपालिकांच्या भूवापर नियमांमुळे नव्या वसाहती फारशा उभ्या राहत नाहीत. परिणामी जागेचे भाडे वाढले तरी रहिवाशाला अन्यत्र जाण्याचा मार्ग क्वचितच मोकळा असतो. भाडे न परवडल्यास घर मिळेल त्या किमतीस विकणे किंवा तेथेच सोडून जाणे, एवढेच पर्याय त्याच्यापुढे उरतात.

वसाहतींच्या मालकीतील बदल

पूर्वी बहुतेक वसाहती एखाद्या कुटुंबाच्या मालकीच्या असत. पुष्कळदा मालक तेथेच राहत असे आणि भाडेवाढ मर्यादित असे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून या पिढीतील मालक निवृत्त होऊ लागले व त्यांच्या वसाहती गुंतवणूकदार कंपन्यांकडे जाऊ लागल्या. सन कम्युनिटीज आणि इक्विटी लाइफस्टाइल प्रॉपर्टीज यांसारख्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांनी अशा वसाहती मोठ्या संख्येने घेतल्या. पुढे खासगी गुंतवणूक निधीही या व्यवसायात उतरले. रहिवासी सहजासहजी सोडून जात नाहीत, त्यामुळे भाड्याचे उत्पन्न स्थिर राहते, हे या गुंतवणुकीचे प्रमुख आकर्षण होय.

रहिवाशांच्या दृष्टीने विक्रीत दोन धोके असतात. नवा मालक खरेदीची वाढीव किंमत भाडेवाढीतून वसूल करू शकतो, किंवा वसाहत बंद करून ती जमीन दुकाने, कचेऱ्या अथवा महागड्या निवासी इमारतींसाठी वापरू शकतो. वसाहत बंद झाल्यास घराची किंमत जवळजवळ शून्यावर येते, कारण त्या किमतीचा मोठा भाग घर ज्या जागी उभे आहे त्या जागेमुळेच असतो.

इतिहास

न्यू हॅम्पशायरमधील आरंभ

१९८३ मध्ये न्यू हॅम्पशायर कम्युनिटी लोन फंड ही ना-नफा वित्तसंस्था स्थापन झाली. व्यक्ती, धार्मिक संस्था व अन्य ठेवीदारांकडून अल्प व्याजाने रक्कम घेऊन ती बँकांची दारे बंद असलेल्या लोकांना कर्जाऊ देणे, हा तिचा हेतू होता. १९८४ मध्ये मेरेडिथ या गावातील एका लहान वसाहतीची विक्री होऊ घातली, तेव्हा तेथील १३ कुटुंबांनी सहकारी संस्था स्थापन करून ती विकत घेतली. या संस्थेस दिलेले कर्ज हे लोन फंडाचे पहिलेच कर्ज होते.

या व्यवहारामुळे अल्प उत्पन्नाची कुटुंबे एकत्रितपणे कर्ज फेडू शकतात, असा दाखला मिळाला. १९८० च्या दशकात राज्यात जमिनींचे भाव झपाट्याने वाढत होते व इतर वसाहतींतील रहिवासीही याच मार्गाकडे वळले. वसाहत विकण्यापूर्वी रहिवाशांना ६० दिवसांची सूचना देण्याचे बंधन राज्याच्या कायद्याने मालकांवर घातले. खरेदीसाठी अवधी, कर्ज देणारी संस्था व प्रशिक्षण देणारे कार्यकर्ते हे तिन्ही घटक एकाच राज्यात उपलब्ध झाल्यामुळे तेथे ही पद्धत सर्वाधिक स्थिरावली.

देशव्यापी विस्तार

न्यू हॅम्पशायरचा अनुभव अन्य राज्यांत नेण्यासाठी २००८ मध्ये आरओसी यूएसए ही राष्ट्रीय ना-नफा संस्था स्थापन करण्यात आली. रहिवासी मालकीच्या वसाहतीस इंग्रजीत जे नाव आहे, त्याच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. संस्थेची एक उपकंपनी वसाहतींना कर्ज देते, तर रहिवाशांचे संघटन व प्रशिक्षण ही कामे विविध प्रदेशांतील संलग्न संस्था करतात. ओरेगॉनमधील कासा ऑफ ओरेगॉन, मिनेसोटातील नॉर्थकंट्री कोऑपरेटिव्ह फाउंडेशन, मोंटानातील नेबरवर्क्स मोंटाना, कॉलोराडोतील थिसल आणि न्यू इंग्लंड प्रदेशातील कोऑपरेटिव्ह डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट या त्यांपैकी काही होत. या जाळ्यातील वसाहतींची संख्या ३०० च्या वर गेली आहे.

२०२३ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने कारखानानिर्मित घरांच्या वसाहतींचे जतन व सुधारणा यांसाठी २२.५ कोटी डॉलरची स्वतंत्र तरतूद केली. रहिवाशांच्या सहकारी संस्थांनाही या योजनेचा लाभ घेण्याची मुभा होती.

संस्थेची रचना

रहिवासी मालकीच्या वसाहतीत घर सभासदाचे आणि जमीन संस्थेची असते. सभासदास जमिनीचा स्वतंत्र तुकडा मिळत नाही. आपल्या घराखालची जागा कायम वापरण्याचा हक्क त्यास संस्थेशी केलेल्या करारान्वये मिळतो. नियम पाळले व जागेचे शुल्क नियमित भरले, तर त्यास तेथून हलवता येत नाही.

या संस्थांमध्ये सामान्यतः पुढील तत्त्वे पाळली जातात :

- एका घरामागे एकच सभासदत्व व एकच मत असते. मोठी जागा किंवा नवे घर असल्यामुळे मताचे वजन वाढत नाही.
- सभासदत्वाचा भाग अल्प रकमेचा, साधारणपणे १०० ते १,००० डॉलरचा असतो व तो हप्त्यांनी भरता येतो. घर विकून जाताना तीच रक्कम परत मिळते. तीत वाढ होत नाही.
- घराची विक्री सभासद बाजारभावाने करू शकतो. जमिनीच्या वाढलेल्या किमतीवर मात्र कोणाही एका सभासदाचा हक्क नसतो.
- वार्षिक अंदाजपत्रक, जागेचे शुल्क, उपविधींतील बदल व संचालक मंडळाची निवडणूक हे विषय सर्वसाधारण सभेपुढे येतात. दैनंदिन कारभार निवडून आलेले, विनावेतन काम करणारे संचालक पाहतात.
- हिशेब ठेवणे, शुल्क गोळा करणे व दुरुस्ती यांसाठी बहुधा बाहेरची व्यवस्थापन कंपनी नेमली जाते.
- सभासद होण्याची सक्ती नसते. सभासद न झालेले रहिवासी भाडेकरू म्हणून राहू शकतात. त्यांस मतदानाचा हक्क नसतो व त्यांचे शुल्क काहीसे अधिक असू शकते.

संस्था विसर्जित झाल्यास कर्ज व भागांची रक्कम फेडून उरलेली मालमत्ता सभासदांत वाटून न घेता अन्य ना-नफा संस्थेस द्यावी, असे कलम अनेक उपविधींमध्ये असते. जमिनीचे भाव चढल्यावर वसाहत विकून नफा वाटून घेण्याचा मोह होऊ नये व पुढील पिढीसही ही घरे परवडावीत, हा त्यामागील उद्देश आहे. अशा संस्थेस मर्यादित भागमूल्याची सहकारी संस्था म्हणतात.

खरेदीची प्रक्रिया

खरेदीचा तपशील राज्याच्या कायद्यानुसार बदलतो. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. विक्रीची सूचना : मालक विक्रीचा इरादा रहिवाशांस कळवतो. काही राज्यांत हे कायद्याने बंधनकारक आहे. इतरत्र रहिवासी स्वतःहून मालकाकडे प्रस्ताव नेतात. आपली वसाहत आहे तशीच टिकावी, अशी इच्छा असलेले मालक काही वेळा आपण होऊन रहिवाशांना विचारतात.

२. पहिली सभा : साहाय्यक संस्थेचे कार्यकर्ते रहिवाशांना व्यवहाराचे स्वरूप समजावून सांगतात. अंदाजे किंमत, संभाव्य शुल्क आणि खरेदी न केल्यास काय घडू शकते, यांची चर्चा होते. त्यानंतर पुढे जावे की नाही, यावर मतदान घेतले जाते.

३. संस्थेची नोंदणी : बहुसंख्य कुटुंबे तयार असल्यास नाममात्र प्रारंभिक शुल्क घेऊन सभासद नोंदवले जातात, उपविधी संमत होतात, हंगामी संचालक मंडळ निवडले जाते आणि राज्य सरकारकडे संस्थेची नोंदणी केली जाते. मालमत्ता संस्थेच्या नावे व्हावयाची असल्याने नोंदणीवाचून खरेदीचा करार करता येत नाही.

४. खरेदीचा करार : संस्था मालकापुढे लेखी प्रस्ताव ठेवते. वाटाघाटींनंतर होणाऱ्या करारात किंमत, इसाऱ्याची रक्कम, तपासणीची मुदत व कर्ज न मिळाल्यास माघार घेण्याची अट नमूद असते.

५. खरेदीपूर्व तपासणी : हा प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. जमिनीची मोजणी, मालकी हक्काची निर्वेधता, स्वतंत्र मूल्यांकन, माती व भूजलाचे प्रदूषण यांची तपासणी होते. जलवाहिन्या, विहिरी, सेप्टिक टाक्या, विजेच्या तारा व रस्ते यांची स्थिती अभियंत्याकडून तपासून घेतली जाते. अनेक वसाहती पन्नास-साठ वर्षे जुन्या असल्याने जमिनीखालील नळांची अवस्था खरेदीच्या किमतीइतकीच निर्णायक ठरते. अहवालात दोष आढळल्यास किंमत कमी करून घेणे, दुरुस्तीचा खर्च कर्जात समाविष्ट करणे किंवा व्यवहार सोडून देणे, असे पर्याय संस्थेपुढे असतात.

६. कर्ज व अंदाजपत्रक : तपासणीच्या निष्कर्षांवरून पहिल्या काही वर्षांचे अंदाजपत्रक तयार होते आणि त्यावरून जागेचे शुल्क ठरते. कर्जदात्या संस्थाही याच अंदाजपत्रकाची छाननी करतात.

७. अंतिम मतदान व खरेदीखत : किंमत, कर्ज व शुल्क निश्चित झाल्यावर सभासद अंतिम मतदान करतात. ठराव संमत झाल्यास खरेदीखत होते व मालमत्ता संस्थेच्या नावे चढते.

खरेदीनंतरही साहाय्यक संस्था सामान्यतः अनेक वर्षे संचालकांना हिशेब, सभांचे कामकाज व तंटे मिटवणे यांविषयी मार्गदर्शन करते. काही कर्जांच्या अटींतच अशा मार्गदर्शनाचा समावेश असतो.

अर्थपुरवठा

खरेदीची रक्कम रहिवाशांनी स्वतःच्या खिशातून आणावी, अशी अपेक्षा नसते. मुख्य गहाणकर्ज बँक, ना-नफा वित्तसंस्था किंवा राज्याचे गृहवित्त मंडळ देते. उरलेल्या भागासाठी दुय्यम कर्ज किंवा अनुदान मिळवले जाते. सहकारी वसाहतींस कर्ज देणाऱ्या विशेष संस्था अनेकदा किमतीच्या जवळजवळ संपूर्ण रकमेइतके कर्ज देतात. तपासणीच्या खर्चासाठी प्राथमिक कर्ज मिळते व व्यवहार फिसकटल्यास ते बहुधा माफ होते. सर्व कर्ज संस्थेच्या नावे असते. सभासदाचे घर त्यासाठी तारण ठेवले जात नाही.

एका काल्पनिक उदाहरणावरून शुल्क कसे ठरते, हे स्पष्ट होईल. ६० जागांच्या वसाहतीची किंमत ३० लाख डॉलर आहे व ही सर्व रक्कम वार्षिक ६ टक्के व्याजाने ३० वर्षांच्या मुदतीचे कर्ज म्हणून मिळाली, असे समजू. कर्जाचा मासिक हप्ता सुमारे १८,००० डॉलर येईल. मालमत्ता कर, विमा, पाणी, बर्फ हटवणे, व्यवस्थापन व दुरुस्ती यांसाठी दर जागेमागे १५० डॉलर आणि राखीव निधीसाठी २५ डॉलर धरल्यास आणखी १०,५०० डॉलर लागतील. एकूण मासिक खर्च २८,५०० डॉलर झाला. तीन जागा रिकाम्या राहतील असे गृहीत धरून हा खर्च ५७ कुटुंबांत विभागल्यास प्रत्येकाच्या वाट्यास ५०० डॉलर येतात. हीच वसाहत ३६ लाख डॉलरला घ्यावी लागली, तर शुल्क सुमारे ५६३ डॉलर होईल. यावरून किमतीच्या घासाघिशीचा परिणाम प्रत्येक घराच्या मासिक खर्चावर थेट होतो, हे ध्यानात येते.

खासगी मालकाच्या हिशेबात याशिवाय नफ्याचाही वाटा असतो व भाडे वाढवण्याचा निर्णय त्याचा एकट्याचा असतो. सहकारी संस्थेत शुल्क खर्चाइतकेच ठेवले जाते आणि वाढीस सभासदांची संमती लागते. तथापि कर, विमा किंवा दुरुस्तीचा खर्च वाढल्यास शुल्कही वाढवावेच लागते. खरेदीनंतरच्या पहिल्या वर्षी शुल्क पूर्वीच्या भाड्याहून काहीसे अधिक असणे अपवादात्मक नाही. विशेषतः जुन्या मालकाने भाडे दीर्घकाळ वाढवलेले नसेल, तर असे घडते.

कायदेशीर तरतुदी

अमेरिकेत वसाहतीतील भाडेकरारांचे व विक्रीचे नियमन मुख्यतः राज्यांच्या कायद्यांनी होते. रहिवाशांच्या खरेदीस अनुकूल तरतुदी स्थूलमानाने तीन प्रकारच्या आहेत.

पहिला प्रकार सूचनेचा होय. न्यू हॅम्पशायरमध्ये ६० दिवसांची सूचना दिल्याशिवाय मालकास कोणताही प्रस्ताव अंतिमतः स्वीकारता येत नाही व त्या काळात रहिवाशांच्या प्रस्तावाचा त्याने सद्भावनेने विचार करावा लागतो. व्हरमाँटमध्ये प्रथम ४५ दिवसांची मुदत असते. बहुसंख्य रहिवाशांनी या काळात खरेदीची इच्छा कळवल्यास वाटाघाटींसाठी आणखी १२० दिवस मिळतात.

दुसरा प्रकार अग्रक्रयाधिकाराचा, म्हणजे त्रयस्थाने देऊ केलेल्याच अटींवर मालमत्ता आधी विकत घेण्याच्या हक्काचा होय. मॅसॅच्युसेट्समध्ये किमान ५१ टक्के घरमालकांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या संघटनेस हा हक्क आहे.

तिसरा प्रकार खरेदीच्या संधीचा होय. कॉलोराडोने २०२० मध्ये रहिवाशांस प्रस्ताव मांडण्यासाठी ९० दिवस दिले व २०२२ मध्ये ही मुदत १२० दिवस केली. ड्युरँगो येथील ॲनिमस व्ह्यू या वसाहतीची खरेदी रहिवाशांनी २०२१ मध्ये केली, ती हा कायदा झाल्यानंतरच्या प्रारंभीच्या खरेद्यांपैकी एक होय. वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये या स्वरूपाचा कायदा केला.

याखेरीज मोंटाना, ओरेगॉन व व्हरमाँट या राज्यांनी रहिवाशांस वसाहत विकणाऱ्या मालकांना करसवलत देऊ केली आहे. अनेक राज्यांत मात्र विक्रीपूर्व सूचनेचेही बंधन नाही. तेथे नवा मालक आल्याचे रहिवाशांना भाड्याच्या नव्या पावतीवरूनच कळते, असे प्रसंग घडतात.

मालकीचे इतर प्रकार

फ्लोरिडा व कॅलिफोर्नियातील निवृत्तांच्या अनेक वसाहतींत निराळी पद्धत आढळते. तेथे प्रत्येक कुटुंब जागेच्या किमतीइतका, म्हणजे हजारो डॉलरचा, भाग विकत घेते व तो बाजारभावाने विकू शकते. अशा वसाहतीत मासिक शुल्क कमी राहते. परंतु भाग घेण्याची ऐपत नसलेले शेजारी भाडेकरूच राहतात. काही ठिकाणी वसाहतीचे स्वतंत्र भूखंड पाडून ते रहिवाशांस विकले जातात. रहिवाशांना कारभाराची जबाबदारी नको असेल किंवा वेळ अपुरा असेल, तेथे ना-नफा गृहनिर्माण संस्था, सामुदायिक भूविश्वस्त संस्था अथवा नगरपालिका वसाहत विकत घेते. यांत भाडे आटोक्यात राहते, पण अंतिम निर्णय रहिवाशांच्या हाती नसतो.

परिणाम

न्यू हॅम्पशायर विद्यापीठाच्या कार्सी संस्थेने २००६ मध्ये त्या राज्यातील सहकारी व खासगी मालकीच्या वसाहतींची तुलना प्रसिद्ध केली. सहकारी वसाहतींत जागेचे शुल्क कमी होते, घरांना सरासरी अधिक किंमत मिळत होती व ती तुलनेने लवकर विकली जात होती, असे तीत आढळले. जमिनीची शाश्वती असल्यामुळे घरासाठी स्थिर व्याजदराचे कर्ज मिळणेही तेथे अधिक सुकर होते.

आर्थिक लाभांपलीकडे दुरुस्तीविषयीचा दृष्टिकोन बदलतो, असे या क्षेत्रातील कार्यकर्त्यांचे निरीक्षण आहे. जागा उद्या राहील की नाही याची खात्री नसलेले कुटुंब घरावर खर्च करण्यास कचरते. ही खात्री मिळाल्यावर छपरे, पायऱ्या व खिडक्या दुरुस्त होऊ लागतात. संस्था कायदेशीर मालक असल्याने जलवाहिन्या व सांडपाणी यांसाठीच्या सरकारी अनुदानांस ती पात्र ठरू शकते. सभा चालवणे, ताळेबंद वाचणे व कंत्राटे देणे यांचा अनुभव नसलेली माणसे संचालक म्हणून ही कामे शिकतात.

मर्यादा आणि टीका

या पद्धतीवरील पहिली मर्यादा वेळेची आहे. रोख रकमेने खरेदी करणारी कंपनी काही आठवड्यांत व्यवहार पूर्ण करू शकते. संस्था नोंदवून कर्ज मिळवण्यास मात्र अनेक महिने लागतात. अनेक वसाहती एकगठ्ठा विकल्या जातात, तेव्हा एका वसाहतीच्या रहिवाशांना स्वतंत्र प्रस्ताव मांडणेच कठीण होते. अग्रक्रयाधिकार असला तरी त्रयस्थाने देऊ केलेली चढी किंमत मोजावी लागते व ती शुल्कात उतरते.

दुसरी मर्यादा वारशाने आलेल्या दुरवस्थेची आहे. मोडकळीस आलेले नळ व भरलेल्या सेप्टिक टाक्या यांची जबाबदारी खरेदीच्या दिवसापासून संस्थेवर येते. नळ फुटल्यास तक्रार करण्यास मालक उरत नाही. राखीव निधी पुरेसा नसेल, तर एकाच मोठ्या दुरुस्तीने अंदाजपत्रक कोलमडू शकते.

तिसरी मर्यादा मनुष्यबळाची आहे. दिवसभर काम करून संध्याकाळी सभा चालवणाऱ्या संचालकांवर ताण येतो व निवडणुकीस उमेदवार मिळणे कठीण होते. शुल्क थकवलेल्या शेजाऱ्यावर कारवाई करणे हे संचालकांचे सर्वांत अप्रिय काम ठरते. ते टाळल्यास थकबाकीचा भार नियमित भरणा करणाऱ्यांवर पडतो. इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन भाषांच्या वसाहतींत दुभाष्यांची सोय नसल्यास एक गट कारभारापासून दूर राहतो.

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांवर पूर्ण किमतीच्या कर्जाचा भार टाकण्याऐवजी सरकारने भाडेवाढीवर मर्यादा घालावी, असा आक्षेप काही अभ्यासक घेतात. भाडेनियंत्रणाने वसाहत बंद होण्याचा धोका टळत नाही, असे सहकाराच्या पुरस्कर्त्यांचे उत्तर आहे. प्रत्यक्षात काही राज्यांत दोन्ही उपाय एकाच वेळी वापरले जातात.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माणाशी साम्य

महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मध्ये गृहनिर्माण संस्थांचे जे वर्गीकरण आहे, त्यातील दोन वर्ग येथे तुलनेस उपयोगी पडतात. भाडेकरू सहभागीदारी संस्थेत जमीन व इमारत दोन्ही संस्थेच्या मालकीची असतात. शहरांतील सदनिकांच्या बहुतेक संस्था या वर्गात मोडतात. भाडेकरू मालकी संस्थेत जमीन संस्थेकडे व घरे सभासदांच्या मालकीची असतात. अमेरिकेतील रहिवासी मालकीची वसाहत या दुसऱ्या वर्गाशी मिळतीजुळती आहे. भेद इतकाच, की महाराष्ट्रात अशी संस्था बहुधा आधी जमीन मिळवते व नंतर सभासद तिच्यावर घरे बांधतात. अमेरिकेतील वसाहतीत घरे आधीपासून उभी असतात व त्यांच्याखालची जमीन मिळवण्यासाठी संस्था जन्मास येते.